वर्गशिक्षकाचा शेरा

३ फेब्रुवारी

ती. मामास,

उभ्या उभ्याच नमस्कार. ऑफिसात धड खुर्ची एकच आहे, तिच्यावर थोरले वकील बसलेत आणि मोडक्या खुर्चीवर फायली. तू फोन उचलत नाहीस, आणि उचललास तर "पत्र लिही, म्हणजे निदान विचार करून बोलशील" म्हणून ठेवून देतोस. घे, लिहिलं.

मी चांगली नोकरी सोडून "खुन्यांच्या संस्थेत" गेले, हे आईनं तुला रडून सांगितलं असेलच. संस्थेचं काम सरळ आहे. ज्यांना फाशीची शिक्षा झालीय आणि ज्यांच्यासाठी वकील करायला मागे कुणी नाही, त्यांच्यासाठी आम्ही वरच्या न्यायालयात फुकट भांडतो. आम्ही चौघं आहोत. खाली दातांचा दवाखाना आहे. आम्ही वर फाशीवर चर्चा करतो आणि खालून ड्रिल चालू असतं. कुणी किंचाळलं की थोरले म्हणतात, "बघा, त्यांचं कसं पटकन उरकतं."

आमची एक पद्धत आहे. प्रत्येक माणसासाठी भिंतीवर तपकिरी कागदाची लांब पट्टी लावायची, जन्मापासून गुन्ह्यापर्यंत वर्षागणिक एकेक चौकोन आखायचा आणि तो भरायचा. खालच्या कोर्टानं माणसाचा एकच दिवस पाहिलेला असतो. बाकीचे दिवस आम्ही शोधायचे.

माझ्या वाट्याला आलेल्याला आम्ही "सुतार" म्हणतो, कारण तो सुतारकाम करायचा. सहा वर्षांपूर्वी भर दुपारी तो एका बंद औषधाच्या दुकानात चोरीसाठी शिरला. मागच्या खोलीतून दुकानदार आणि त्याची बायको बाहेर आले. यानं दोघांना हातोडीनं मारलं. मुलगी माडीवर होती, वाचली. त्यानंच मारलं यात शंका नाही. तोही नाही म्हणत नाही. त्याला मारून टाकायचं की मरेपर्यंत आत ठेवायचं, एवढाच प्रश्न उरलाय. शेवटचं अपील जूनमध्ये आहे.

पट्टीवरचा बाराव्या वर्षाचा चौकोन कोरा आहे. सहावीत होता आणि मग एकदम रंधा हातात. मध्ये काय झालं, ते तो सांगत नाही. शाळा मात्र तुझी निघाली! नदीपलीकडची, तुझ्या पहिल्या नोकरीची. वर्षंही जवळपास जुळतात. त्या वेळी सहावीला वर्गशिक्षक कोण होते आणि ते आहेत का, एवढं कळव.

तुझी,
खार

ता.क. खुर्ची पाठवलीस तरी चालेल.


९ फेब्रुवारी

चि. खारीस,

खुर्ची सोडून बाकी सर्व शुभेच्छा.

पत्र पावलं. अक्षर बिघडलंय, वकिली मानवलेली दिसते. तुझ्या आईची समजूत मी यथाशक्ति घातली. म्हटलं, "पोरगी खुन्यांमध्ये बसते, निदान वधूवर सूचक मंडळात तरी नाही." ती हसली नाही. तुझ्या घराण्याला विनोद लागू पडत नाही, हे मी तुझ्या आईच्या लग्नातच ओळखलं होतं.

आता तुझ्या सुताराविषयी. ती बातमी मी तेव्हा वाचली होती. हातोडीनं, दोन माणसं, आणि वर जिन्यात उभी असलेली पोर. वर्तमानपत्र घडी न घालता टाकून दिलं आणि हात धुतले. अजूनही शिसारी येते. तू म्हणतेस, त्याचे बाकीचे दिवस शोधायचे. शोध. पण भिंतीवरची तुझी पट्टी सुतारापुरतीच का? त्या मुलीची पट्टी कुणी लावलीय? तिचे सहा वर्षांचे चौकोन कोण भरतंय? तुझ्या संस्थेची करुणा मोठी आहे, पण तिची मान एकाच बाजूला वळते, असा माझा यथामति निष्कर्ष आहे. रागावू नकोस. मामा असण्याचा तेवढाच फायदा.

शाळेचं म्हणशील, तर एका वर्गात साठ मुलं, वर्षाला पाच वर्ग, आणि मी तिथे चार वर्षं. गुणाकार तू कर. इतक्या चेहऱ्यांतून एक काढायला मी चित्रगुप्त नाही. त्या वेळचे बहुतेक शिक्षक दिवंगत झाले. जे उरलेत त्यांची स्मरणशक्ती दिवंगत झाली. तिथे हात मारण्यात अर्थ नाही. दुसरी वाट धर.

जेवतेस का वेळेवर? तुझी आई विचारते. मी विचारत नाही. मला उत्तर माहीत आहे.

तुझा,
मामा


२१ फेब्रुवारी

ती. मामास,

मुलीच्या पट्टीबद्दल लिहिलंस ते लागलं. मी तिच्याकडे गेले होते, हे तुला सांगितलं नव्हतं. तिनं दार उघडलं, मी कोण ते ऐकलं आणि दार लावून घेतलं. जोरात नाही, हळूच. मी तिच्या जागी असते तर जोरात लावलं असतं. आम्हाला मान एकाच बाजूला वळवता येते, कारण दुसऱ्या बाजूनं ती आम्हाला बघू देत नाही. तिचं बरोबर आहे.

काल तुरुंगात गेले होते. फाशीवाल्यांचं दर महिन्याला वजन करतात. का, ते तुला समजेल. दोरीचा हिशेब असतो. सुताराचं वजन वाढलंय. वजन करणारा शिपाई माझ्यासमोर त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "वा! मानवतंय इथलं." सुतारही हसला. मी बाहेर येऊन नळाखाली तोंड धुतलं. एवढी घाण मला गुन्ह्याचे फोटो बघतानाही वाटली नव्हती.

आणि आता हे वाच. फाशीच्या निकालात न्यायाधीशांनी काय लिहिलंय ते उतरवून पाठवते. "आरोपी सुधारण्याची शक्यता आहे का, याचं उत्तर चोवीस वर्षांपूर्वी एका जाणत्या शिक्षकानं देऊन ठेवलं आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील शेरा असा: 'या मुलाच्या ठायी पश्चात्तापाची क्षमता आढळत नाही. सुधारणेचा प्रत्येक प्रयत्न त्याच्या अंतःकरणाच्या उंबरठ्यावरून परत आला आहे.' यापेक्षा नेमक्या शब्दांत हे न्यायालयही सांगू शकलं नसतं."

सांगू शकलं नसतं म्हणे! मामा, मला या वाक्याची किळस येते. बारा वर्षांच्या पोराबद्दल कोण असं लिहितं? लिहून झाल्यावर हा जाणता शिक्षक डबा उघडून जेवायला बसला असेल. सरकारी वकिलांनी कोर्टात टाईप केलेली नक्कल दिली, तिच्यावर नाव नाही, सही नाही. मूळ रजिस्टर शाळेत असणार. थोरले म्हणतात, हा मास्तर जिवंत असेल तर त्याला धरून आणा. हा शेरा उभा आहे तोवर सुतार आडवा आहे.

मी पुढच्या आठवड्यात शाळेत जाणार आहे. तू येशील बरोबर? तुला तिथे ओळखतात. मला दारातूनच परत पाठवतील.

खार


२६ फेब्रुवारी

चि. खारीस,

येणं जमणार नाही. गुडघा. तो माझ्या आधी निवृत्त झाला.

शिवाय मूळ रजिस्टर पाहून तुला मिळणार काय? चोवीस वर्षांच्या कागदाला वाळवी नसेल लागली, तर ती शाळेतली वाळवी आळशी म्हणायची. आणि समजा सही सापडली. त्या काळी मुख्याध्यापक सांगत आणि वर्गशिक्षक लिहीत. लिहिणारा हात म्हणजे टाक. टाकाला साक्षीला कशाला बोलावतेस? कुणा म्हाताऱ्याला पिंजऱ्यात उभं करून त्याची फजिती करण्यापेक्षा कायद्याचे मुद्दे काढा. त्याचंच शिक्षण घेतलंस ना?

त्या वाक्याविषयी म्हणशील, तर वाक्य म्हणून ते वाईट नाही. "उंबरठा" जरा जास्त झाला, एवढंच.

तू मास्तर लोकांवर फार लवकर चिडतेस. लहानपणीही चिडायचीस.

मामा


१० मार्च

मामा,

वाळवी लागलेली नाही. शाळेतल्या बाईंनी मला दारातून परतही पाठवलं नाही. स्वतः शिडीवर चढून रजिस्टर काढून दिलं.

सही वाचता येत नव्हती. वाचायची गरज पडली नाही. मला सहाव्या वर्षापासून वाढदिवसाला ज्या अक्षरात पत्र येतं, त्याच अक्षरात तो शेरा आहे. बाईंनी विचारलं, "ओळखता का कोणाचं आहे?" मी म्हटलं, "नाही." आयुष्यात पहिल्यांदा कामाच्या ठिकाणी खोटं बोलले. परत येताना बसमध्ये कळलं की घराण्यातच आहे.

मी थोरल्यांना सांगितलंय. ही केस आता माझ्याकडे नाही, कारण साक्षीदार माझा मामा आहे. तू साक्षीदार होशील की नाही, हे तुझं तू ठरव. नाही म्हणालास तर समन्स काढतील, पण ओढून आणलेल्या माणसाचा उपयोग नसतो, असं ते म्हणतात.

त्या पोरानं काय केलं होतं, एवढं मला लिही. शैलीत लिहू नकोस.


१४ मार्च

खार,

शैलीशिवाय लिहायचा हा चौथा कागद आहे. आधीचे तीन फाडले.

पहिल्या पत्रातच मला कळलं होतं. तू "सहावी" आणि "सुतार" लिहिलंस आणि मला त्याचं बाक आठवलं, खिडकीकडचं दुसरं. मला आठवत नाही म्हणून लिहिलं ते खोटं. गुडघ्याचं अर्धं खरं.

त्याचा बाप सुतारच होता आणि त्याला मारायचा. कशानं, ते विचारू नकोस. पोरगा शर्टाची वरची गुंडीही लावून यायचा, उन्हाळ्यातसुद्धा. शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या चिटणीसांचा मुलगा त्याच वर्गात होता. एक दिवस मधल्या सुट्टीत त्यानं आणि आणखी दोघांनी याला धरलं, शर्ट वर केला आणि पाठीवरचे वळ मोठ्यानं मोजले. वर्ग हसत होता. मी दारात होतो. मी "शांतता!" म्हणालो. एवढंच म्हणालो. पोरानं फळ्यावरचा लाकडी कंपास उचलला आणि चिटणीसांच्या मुलाच्या तोंडावर मारला. पुढचे दोन दात गेले.

मुख्याध्यापकांनी बोलावलं. "सर, चौकशी लावली तर चिटणीसांच्या मुलाचंही नाव येईल. नकोच ते. दाखला देऊन टाकू. शेरा तुम्ही लिहा: शाळेस योग्य नाही."

हे तीन शब्द लिहून मी सुटलो असतो, खार. त्यांनी मागितलं होतं तेवढंच. पण मी बत्तीस वर्षांचा होतो, माझं मराठी चांगलं आहे असं सगळे म्हणायचे, आणि "शाळेस योग्य नाही" हे मला फार रूक्ष वाटलं. मी बसून दोन वाक्यं जुळवली. पहिल्यात चाल होती, दुसऱ्यात प्रतिमा. खरं-खोटं मनातही आलं नाही. मुख्याध्यापक वाचून म्हणाले, "वा सर! लिहावं तर तुम्हीच." मी त्या "वा"वर दोन दिवस जगलो.

आणि पुढचं तुला सांगायलाच हवं, कारण ते कोर्टात सांगावं लागेल. पश्चात्तापाची क्षमता आढळत नाही, असं मी लिहिलं. पोरगा त्याआधी तीन दिवस शिक्षक-खोलीच्या दाराशी उभा राहत होता. तिसऱ्या दिवशी त्यानं माझ्या हातात कागद दिला. माफीचा होता. "मी त्याला मारायला नको होतं, त्याचे दात परत येतील का" असं काहीतरी. मी तो कागद वाचला, खिशातलं लाल पेन काढलं, निबंध तपासावा तसा तपासला, आणि म्हणालो, "नीट लिहून आण."

तो दुसऱ्या दिवशी नीट लिहून घेऊन आला. तोवर दाखला तयार होता. शिपायानं त्याला फाटकातूनच परत पाठवलं. मी खिडकीतून पाहिलं. त्यानंतर घंटा झाली आणि मी तासाला गेलो.

डबा खाल्ला की नाही, आठवत नाही. खाल्ला असणार.

थोरल्यांना सांग, समन्स नको.

मामा


२ एप्रिल

मामा,

थोरल्यांनी तुझं प्रतिज्ञापत्र पाठवायला सांगितलंय, म्हणून हे पत्र, माझ्याकडून नाही.

तुझा मसुदा त्यांनी परत पाठवलाय. त्यांनी "अक्षम्य प्रमाद" खोडून "खोटी नोंद केली" असं लिहिलंय. "अंतर्यामी सल" काढून टाकलाय. म्हणाले, "मामांना सांग, कोर्टाला तुमच्या अंतर्यामाचं काम नाही. काय पाहिलंत, काय लिहिलंत, का लिहिलंत, एवढंच." सही प्रत्येक पानावर कर.

सुताराला थोरल्यांनी सगळं वाचून दाखवलं. त्यानं ऐकून घेतलं. म्हणाला, "हे कोर्टाला सांगायलाच पाहिजे का?" त्याला वळ मोजल्याची लाज वाटते, अजून. थोरल्यांनी समजावलं. तासभर लागला, मग हो म्हणाला.

न्यायालयानं तुला समक्ष बोलावलंय, जूनमध्ये. उलटतपासणी होईल. पांढरा शर्ट घाल. विनोद करू नकोस.

खार


१९ जून

चि. खारीस,

तू मागच्या बाकावर होतीस, ते पाहिलं. दुपारी निघून गेलीस, तेही पाहिलं. म्हणून पुढचं लिहितो.

सरकारी वकील माझ्याच वयाचे, आवाज मधात भिजवलेला. "आपण तेव्हा खोटं लिहिलंत, की आज खोटं बोलताय?"

"तेव्हा."

"म्हणजे आपण सहीनिशी खोटं लिहू शकता."

"लिहिलं आहे. आपणच ते इथे सादर केलंत."

"आपली भाची याच संस्थेत आहे ना? भाचीच्या प्रेमापोटी माणूस काय काय करतो!"

"भाची तीन महिने माझ्याशी धड बोललेली नाही, साहेब. प्रेम असतं तर मी आलोच नसतो. तिच्या प्रेमात घरी सुखानं बसलो होतो."

कुणीतरी हसलं. विनोद करू नकोस म्हणाली होतीस. सुटला.

मग त्यांनी रजिस्टर पुढे केलं. "आपला शेरा मोठ्यानं वाचा." मी वाचला. आणि खार, वाचताना माझा आवाज लागला. जिथे थांबायचं तिथे थांबलो, "उंबरठ्यावरून" जरा ओढून म्हटलं. चोवीस वर्षांनी, त्या माणसासमोर, त्याच्या मानेवर बेतलेलं वाक्य मी रंगवून वाचलं! लक्षात आलं तेव्हा पूर्णविराम झाला होता. मला इतकी किळस स्वतःची कधी आली नव्हती. तो काचेपलीकडे बसून खाली बघत होता. डोक्यावर केस विरळ झालेत त्याच्या. मी मात्र गुंडीच बघत होतो. वरची लावलेली होती.

बाहेर बाकावर ती मुलगी बसली होती, औषधवाल्यांची. मला वाटलं थुंकेल. तिनं विचारलं, "आज सांगून टाकलंत, आता हलकं वाटतंय ना तुम्हाला?"

"नाही."

"खरं सांगा."

"थोडं वाटतंय," मी म्हणालो.

"वाटणारच," ती म्हणाली. "मला हलकं वाटायला काही नाही." आणि पाण्याची बाटली उचलून गेली.

 

मामा


८ ऑगस्ट

ती. मामास,

निकाल लागला. तीनपैकी दोन न्यायाधीशांनी फाशी रद्द केली. मरेपर्यंत तुरुंग, सवलत नाही. शेरा खोटा होता आणि त्यावर शिक्षा उभी राहू शकत नाही, असं त्यांनी स्वच्छ लिहिलंय.

तिसऱ्यांनी वेगळं मत लिहिलंय. त्यात तुझं वाक्य पुन्हा अख्खं छापलंय. शिक्षक आज काहीही म्हणोत, इतकं अचूक वर्णन खोटं असू शकत नाही, असं त्यांचं म्हणणं. ते आता कायद्याच्या पुस्तकात राहणार. आमच्यानंतरचे वकील पाठ करतील. थोरले म्हणाले, "तुझ्या मामांना काही दिवस सांगू नकोस." मी सांगते, कारण लपवून ठेवण्याचा आपल्याकडचा कोटा पुरा झालाय.

तू थोरल्यांना वेगळं पत्र लिहून सुताराला भेटायची परवानगी मागितलीस, हे मला कळलं. माफी मागायचीय म्हणून लिहिलंस. आता केस संपली आहे, त्यामुळे मला त्याला भेटता येतं. काल मीच त्याला विचारलं.

 आता त्याचं वजन करत नाहीत. तुरुंगाच्या सुतारशाळेत घेतलंय, बोटाला पट्टी होती. म्हणाला, "सरांना येऊ द्या. पण माफीचं नाही काढायचं, सांगा त्यांना. त्या मुलीपुढे माझं तोंड अजून उघडलेलं नाही. ते ऐकायला ती यायची पण नाही. माझ्या आधी सरांचा नंबर कसा लागेल?"

हे सगळं त्यानं खाली बघून सांगितलं, पण रागानं नाही.

भेट या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, अकरा वाजता, वीस मिनिटं. ओळखपत्र लागतं. तू येशीलच असं मी त्याला सांगितलेलं नाही.

तुझी,
खार


१२ ऑगस्ट

चि. खारीस,

येतो.

वीस मिनिटं काय बोलायचं, याचा मी दोन दिवस विचार केला. जे जे सुचलं ते सगळं माझ्या सोयीचं निघालं. शेवटी असं ठरवलं की त्याला विचारायचं, हल्ली काय बनवतोस, आणि तो सांगेल ते ऐकायचं. नाहीच बोलला तर वीस मिनिटं समोर बसायचं. मधेच उठायचं नाही.

मामा